सेंगलावच्या वाट्याचा प्रश्न

आमच्या खोऱ्यात सेंगलावने भुवई रेखल्याशिवाय एकही पोरगा श्रामणेर, म्हणजे काही दिवसांचा बालभिक्खू, झालेला नाही. उन्हाळ्यात लसूण काढून झाला की पोरांच्या दीक्षेचा सोहळा येतो. डोकी भादरून झाली की पोरांना राजपुत्रासारखं नटवायचं. रेशमी वस्त्रं, फुलांचे मुकुट, गालांवर लाली, ओठांवर रंग. मग खांद्यावर बसवून गावभर मिरवायचं, पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. अशा नटलेल्या पोराला आम्ही सांगलोंग म्हणतो. मिरवणूक विहारात पोचली की रेशीम उतरतं आणि चीवर चढतं. तोवरचा सगळा कारभार सेंगलावचा. सकाळीच आया पोरांना घेऊन त्याच्या ओसरीवर रांग लावतात, आणि हा पठ्ठ्या एकेकाची हनुवटी धरून दम देतो, "हलू नकोस रे माकडा, नाहीतर एक भुवई सरहद्द ओलांडून ब्रह्मदेशात जाईल!"

माणूस चाळिशी उलटलेला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं केस कापायचं दुकान आहे. घर त्याचं आणि वानलींगचं. वानलींग मोटारसायकली दुरुस्त करतो आणि सणाला लांब ढोल वाजवतो. कुणी विचारलं तर 'मित्र' म्हणायचं आणि विचारणाऱ्याने 'हो का' म्हणून पुढे सरकायचं, ही आमच्याकडची रीत. टिंगल होत नाही असं नाही. चहाच्या दुकानात बसून दात काढणारे आहेतच. पण आपल्या पोराच्या भुवया काढायची वेळ आली की तेच टिंगलखोर सकाळी सकाळी सेंगलावच्या दारात हजर, आणि तोंडात अशी साखर की विचारू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. मिरवणूक विहाराच्या पायऱ्यांशी आली की सेंगलाव मागे फिरायचा. चिंचेखाली बसून ब्रश पुसायचा, डबा आवरायचा, गरम तोफूचा वाडगा संपवायचा. आत कधी पाऊल नाही. "गर्दीत मला गुदमरतं," म्हणायचा. लोकांना ते खरं वाटायचं, कारण त्याच्या लहानपणचा पराक्रम गाव विसरलं नव्हतं.

लहान असताना तोही सांगलोंग झाला होता. आणि दिसायचा कसा म्हणून सांगू! त्या वर्षी पाहिलेल्या बायका अजून सांगतात, मुकुट घालून तो खांद्यावर बसला तेव्हा इतर पोरं त्याच्यापुढे शेतातल्या बुजगावण्यांसारखी वाटत होती. पण दीक्षेच्या दिवशी, ऐन वेळी, पोरगं गायब! रेशमी वस्त्रासकट खांद्यावरून उतरलं, अनवाणी धुळीतून पळालं आणि लसणाच्या गोदामात लपलं. संध्याकाळी सापडलं तेव्हा अंगाला लसणाचा वास आणि ओठांवरचा रंग जसाच्या तसा. गावाने ठरवून टाकलं, भुकेने पळालं असणार. दुपारनंतर जेवायचं नाही हा श्रामणेरांचा नियम ऐकून घाबरलं असेल. विषय संपला.

विषय संपला नव्हता हो. खरं कारण सेंगलावने कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी वानलींगलासुद्धा नाही. आदल्या वर्षी श्रामणेर होऊन आलेल्या त्याच्या चुलतभावाने, आयलोंगने, त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "आत गेल्यावर थोरले भंते सगळ्यांसमोर विचारतात, तू पुरुष आहेस का? खोटं बोललं की दीक्षा फुकट जाते. आईला पुण्याऐवजी पाप लागतं आणि जमीन फाटते." वर डोळा मारून म्हणाला, "तू काय सांगणार रे?" सेंगलावला आपल्याबद्दल तेव्हाच कळलेलं होतं. नाव माहीत नव्हतं, पण आपण आयलोंगसारखे नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. जमिनीचं एक वेळ बघून घेतलं असतं, पण आईला पाप? पोरगं पळालं ते आईसाठी पळालं.

पोरांच्या दीक्षेला भोंगा लावत नसत. पुढे मोठ्या माणसांच्या दीक्षेच्या वेळी विहाराच्या भोंग्यावरून त्याने तो प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकला. "पुरिसोसि?" म्हणजे पालीत, तू पुरुष आहेस का. आणि त्यावर उमेदवाराचं होकाराचं, "आम, भंते." म्हणजे आयलोंग खरं बोलला होता. त्या दिवशी चिंचेखाली सेंगलावचा वाडगा तसाच थंड झाला.

आता त्याची आई, नांगखे. म्हातारी बारीक, ताठ, कान असे तिखट की शेजारच्या घरात मांजर जांभई देईल तर ही उठून बसेल. आमच्याकडे ज्या बाईचा मुलगा श्रामणेर झाला, तिला गाव नावाने हाक मारायचं सोडतं. ती मेसांग होते. मुलगा पूर्ण भिक्खू झाला तर मेचांग, त्याहून मोठा मान. वर्षावासात, म्हणजे भिक्खू विहारातच राहतात त्या पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, उपोसथाच्या व्रताच्या दिवशी म्हाताऱ्या विहारात मुक्काम करतात, चटया टाकून ओळीने बसतात. त्या ओळीत इकडे मेसांग, तिकडे मेचांग, आणि मधल्या एका चटईवर नुसती नांगखे. एकुलता एक मुलगा असून. आई मुलाच्या चीवराचं टोक धरून स्वर्गात जाते असं आम्ही मानतो. नांगखेच्या हाताला टोकच नव्हतं. ती बोलायची नाही, पण शेजारच्या चटईवरची नांगमोन तिची उणीव भरून काढायची. "तुझं बरं आहे बाई, तुला नावाने हाक मारता येते, लक्षात ठेवायला सोपं," असं म्हणायची ती सटवी, आणि वर हसायची.

यंदाच्या उन्हाळ्यात नांगखे चुलीवर सोयाबीनच्या चकत्या भाजत होती. सेंगलाव समोर बसला होता. चकती उलटवत ती म्हणाली, "मी डोंगरावरच्या त्या विधवेच्या पोराची दीक्षा माझ्या नावाने करतेय. तिची ऐपत नाही. पोर तयार आहे."

अशी पद्धत आहे आमच्याकडे. जिला मुलगा नाही ती दुसऱ्याच्या मुलाची दीक्षा करून देते आणि मेसांग होते. जिला मुलगा नाही ती!

"बरं केलंस," सेंगलाव कसाबसा म्हणाला.

"रागावू नकोस. माझं वय झालं. तुझ्याकडून व्हायचं नाही ते नाही होणार. मी काही म्हटलंय का कधी?"

"नाही म्हटलंस."

"मग भुवया नीट काढ त्याच्या. आणि तुला आत यावं लागेल. चीवराचं ताट घराच्या पुरुषाने धरायचं असतं, तुझा बाप काही येणार नाही वरून."

झालं! घराचा पुरुष. सेंगलाव दोन घास न खाताच उठला. घरी येऊन वानलींगवर उगाचच खेकसला, त्याच्या तेलकट हातांवरून, त्याच्या ढोलावरून, कशावरूनही. वानलींग बिचारा म्हणाला, "माझी चूक काय ती तरी सांग, म्हणजे मी परत करणार नाही."

सोहळ्याच्या दिवशी सेंगलाव ताट धरून विहारात शिरला. मोठा झाल्यावर पहिल्यांदाच. सागवानी खांब, मेणबत्त्यांचा वास, फुलांचा ढीग, आणि समोर थोरले भंते, उशीला टेकून, दम्याने धापा टाकत. पोरं ओळीने गुडघ्यांवर. सेंगलाव भंतेंच्या तोंडाकडेच बघत होता. आता विचारतील, आता विचारतील. एकेक पोर पुढे जात होतं, सरणं गच्छामि म्हणत होतं, दहा शीलं घेत होतं, चीवर घेऊन बाहेर जात होतं. शेवटचं पोरही गेलं. भंतेंनी घसा साफ केला आणि चहाचा पेला मागितला. लोक उठू लागले.

"आणि तो प्रश्न?" सेंगलाव मोठ्याने म्हणाला.

उठू लागलेले लोक पुन्हा खाली बसले. म्हणजे त्याला मनात म्हणायचं होतं हो, पण निघालं तोंडातून, ताट हातात तसंच.

"कसला प्रश्न?" थोरल्या भंतेंनी पेला खाली ठेवला.

"काही नाही, भंते. चुकलं."

"काही नाही कसं? एवढा ओरडलास. लोक गेले की इकडे ये."

लोक गेले, पण जाताना मागे वळून बघत गेले. नांगखे दाराशी खांबाला धरून उभीच राहिली. तिला हलवायची कुणाची हिंमत नव्हती. सेंगलाव भंतेंपुढे बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "ते विचारतात ना, तू पुरुष आहेस का म्हणून. तो प्रश्न."

"पोरांना?" भंतेंच्या भुवया वर गेल्या. "अरे, तो भिक्खू होणाऱ्याला विचारतात. या शेंबड्यांना काय विचारायचं? शीलं देतो, चीवर देतो, झालं. पहिल्यापासून असंच आहे. तुला कुणी सांगितलं?"

"आयलोंगने."

"आयलोंगने! त्याला स्वतःला सरणं गच्छामि धड येत नव्हतं, मीच पुढून एकेक शब्द म्हणत होतो!" भंतेंना हसता हसता खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी सेंगलावच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "म्हणून पळाला होतास तू?"

सेंगलावने मान हलवली. जो प्रश्न त्याला कुणी विचारणारच नव्हतं, त्याच्या भीतीने तो सगळा जन्म चिंचेखाली बसला होता. हसावं की रडावं त्याला कळेना. पण आता बोलायला तोंड फुटलं होतं. तो म्हणाला, "भंते, मोठ्यांना तर विचारतात. मला विचारलंत तर मी काय सांगू? मी वानलींगबरोबर राहतो. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. विहाराचा पंप तोच दुरुस्त करतो. चांगला माणूस आहे, फक्त ढोल फार जोरात बडवतो." भंतेंनी चहाचा घोट घेतला. "सांग बघू, तू पुरुष आहेस का?"

"आहे, पण..."

"पण नको. 'आम, भंते' एवढंच उत्तर असतं, पण-बिण काही नाही त्यात. तुझं मन कुणावर जडतं हे मी विचारतच नाही. ते विचारलं असतं तर मीही बाहेर राहिलो असतो. ओढ्यापलीकडे एक मुलगी तंबाखूची पानं वाळवायची. चीवर अंगावर चढलं तरी कित्येक वर्षं मी डोळे मिटले की ती येऊन बसायची, बुद्धाच्याही आधी. मला तिला सोडायचं होतं. तुला चीवर अंगावर असेपर्यंत वानलींगला सोडायचं. अवघड दोघांनाही सारखंच."

"पण दुसरीकडचे भंते म्हणतात, असल्यांना दीक्षा नाही."

"म्हणतात ना. ग्रंथ उघडून तासन्‌तास भांडतात. मग तू त्यांच्याकडे जाऊ नकोस. इथे दीक्षा देणारा उपाध्याय मी आहे." ते जरा धाप लागून थांबले. "त्याच्या आधीचा प्रश्न माहीत आहे तुला? 'तू माणूस आहेस का?' तो कशासाठी विचारतात?"

"नागासाठी." ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्खू झाला. झोपेत त्याचं मूळ रूप उघडं पडलं. बुद्धाने त्याला परत पाठवलं तेव्हा तो रडला आणि म्हणाला, निदान माझं नाव तरी इथे राहू द्या. म्हणून भिक्खू व्हायला आलेल्याला चीवर मिळेपर्यंत सगळे नाग म्हणतात.

"ज्याला आत राहता आलं नाही, त्याचं नाव आपण प्रत्येकाला देतो," भंते म्हणाले. "मीही एक दिवस नाग होतो. तुला काय वाटलं, रूप लपवून येणारा तू एकटाच आहेस? वर्षावासाच्या आधी ये, तो संपला की चीवर उतरवता येतं. डोकं मीच भादरेन."

सेंगलावने तिथल्या तिथे जमिनीवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. भंतेंनी त्याला रडू दिलं, स्वतः चहा पीत बसले.

नांगखेने दाराशी उभं राहून सगळं ऐकलं होतं, ते तिखट कान कशासाठी असतात! घरी पोचल्यावर ती पायरीवर बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे तू माझ्यावर रागावून नव्हतास पळाला?"

"तुझ्यावर? कशाला?"

"आदल्या दिवशी मी तुला मारलं होतं. पाहुण्यांचा भात सांडलास म्हणून. एवढ्या मोठ्या सोहळ्यात मारायला नको होतं. मला वाटलं, पोराने ठरवलं, या बाईला पुण्य द्यायचंच नाही." तिने पायरीवरची धूळ हाताने झटकली. "मी रोज फुलं वाहताना मनात म्हणायचे, एकदा विचारावं. मग वाटायचं, हो म्हणाला तर?"

"आई! मला तर तो भात आठवतही नाही!"

"मला रोज आठवतो." तिने डोळे पुसले आणि एकदम भडकली. "आणि वानलींगचं काय लपवत होतास रे माझ्यापासून? मी आंधळी आहे? त्याच्या शर्टांना बटणं कोण लावून देतं इतकी वर्षं? माझ्या मुलाच्या घरात राहतो, माझ्या हातच्या चकत्या खातो, त्याला मी वाटेवरचा पाहुणा समजते होय?"

मग दोघं मायलेकरं पायरीवर बसून एकमेकांकडे बघत इतकी हसली की रस्त्यावरचे लोक थांबले. सेंगलावला छातीत इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी नांगखे काठी टेकत आयलोंगच्या घरी गेली. तो आता पोट सुटलेला, नातवंडांचा आजोबा. तिने त्याला जे झापलं ते आळीने ऐकलं. त्याला बिचाऱ्याला काही आठवत नव्हतं. "काकू, मी असं बोललो?" एवढंच परत परत म्हणत राहिला.

वानलींगला सगळं सांगितलं तेव्हा तो ढोलाच्या कातड्याला भात फासत होता, सूर लावायला. ऐकता ऐकता त्याने गरजेपेक्षा दुप्पट भात फासला. मग म्हणाला, "पूर्ण वर्षावास?"

"हो."

"मग मला जेवायला कोण घालणार?"

"आई घालेल. ती म्हणालीय."

"मग जा बाबा. ती तुझ्यापेक्षा चांगलं करते." आणि मान वळवून डोळे पुसले, भाताचा हात तसाच तोंडाला लागला. सेंगलावने ते पुसून दिलं.

दीक्षेच्या दिवशी भिक्खू होणाऱ्याला रंग नसतो, साधं पांढरं वस्त्र असतं. पण नांगखे ऐकेना. "त्या दिवशी तुझा रंग मी रडत रडत खरवडून काढला होता," म्हणाली, आणि त्याचाच ब्रश घेऊन तिने त्याच्या ओठांना जरासा रंग लावला. सवय नसलेल्या हाताने लावलेला तो रंग वेडावाकडा झाला. खोऱ्यातल्या सगळ्या भुवया रेखणाऱ्या माणसाने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "छान झालाय." वानलींगने तर हद्द केली. मोठ्या उमेदवाराला खांद्यावर घ्यायची काही रीत नाही, पण विहाराच्या पायऱ्यांपाशी हा गडी खाली वाकला. सेंगलाव म्हणाला, "कंबर मोडेल तुझी," तो म्हणाला, "गप बस, त्या वेळी पाय जमिनीला लागले होते तुझे," आणि धापा टाकत त्याला पायऱ्या चढवून दारात उतरवलं. चहाच्या दुकानातले टिंगलखोरही बघत होते. एकाने शिट्टी मारली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत ओठांचा रंग पुसून प्रश्न सुरू झाले. अमका रोग आहे का, तमका रोग आहे का. नाही, भंते. नाही, भंते. तू माणूस आहेस का? "आम, भंते." मग थोरले भंते क्षणभर थांबले. दमा होता म्हणून थांबले, की मुद्दाम, ते त्यांनाच माहीत.

"पुरिसोसि?"

"आम, भंते!"

इतकं मोठ्याने म्हणाला की भोंगा किंचाळला. बाहेर वानलींगला वाटलं दीक्षा पुरी झाली, त्याने ढोलावर दणदणीत थाप मारली. आत भंते म्हणाले, "अजून आई-बापाची परवानगी विचारायची आहे, त्या ढोलवाल्याला आवरा!" आणि सगळा विहार खो खो हसला. परवानगीचं विचारायच्या आधीच नांगखे मागून ओरडली, "आहे, आहे!" तिला कुणी विचारलंच नव्हतं.

वर्षावासात सेंगलाव रोज ध्यानाला बसू लागला. सुरुवातीला जमेना. छाती आवळायची. भंतेंनी काही दिवस पाहिलं आणि विचारलं, "भुवई काढताना तू श्वास रोखतोस ना?"

"हो भंते, हात हलू नये म्हणून."

"इथेही तेच करतोयस. इथे कुणाची भुवई नाही. सोड."

त्याने सोडला. तेव्हा त्याला कळलं, आपण तो श्वास लसणाच्या गोदामात शिरल्यापासून धरून बसलो होतो. त्यानंतर तो बसायचा तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान असायचं की भिक्षा वाढणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. वानलींगही रोज सकाळी भिक्षा घेऊन उभा राहायचा, अंघोळ करून, केस विंचरून, नखांतलं तेल घासून घासून काढून. पात्रात भात घालायचा, हात जोडायचा. चीवरातला सेंगलाव पुढे जायचा, नियमाप्रमाणे नजर खाली ठेवून. दोघेही मनातून खुशीत होते, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि उपोसथाचा दिवस आला. म्हाताऱ्या विहारात चटया घेऊन जमल्या. नांगखे आपल्या जागी बसली, फुलं समोर ठेवली. शेजारी नांगमोन. चटया एकमेकींवर चढल्या होत्या. नांगमोनने जरा वेळ चुळबुळ केली, घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, पण बाकीच्या सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. शेवटी ती खाली मान घालून म्हणाली, "मेचांग, जरा चटई सरकव."

नांगखे समोर बघत राहिली. हललीसुद्धा नाही.

"अगं मेचांग, चटई!"

शेजारच्या घरातल्या मांजराची जांभई ऐकणारी ती म्हातारी सावकाश वळली, कानामागे हात धरला आणि म्हणाली, "ऐकू आलं नाही बाई. परत एकदा म्हण."